अमरकंद: मागचा गड्डा घ्या, पुढचा राहू द्या



तेंदूपानांचा हंगाम संपत आला आणि आकाशात पहिले ढग दिसू लागले, की दरवर्षी कोणी ना कोणी पिशवीत चार-दोन मातकट कंद घेऊन येतो आणि विचारतो, "फादर, हा अमरकंद आपल्या धुऱ्यावर लावला तर येईल का? रानात आता पूर्वीसारखा मिळत नाही." प्रश्न एक, पण त्यात गोष्टी दोन आहेत. लावता येईल का, याचे उत्तर होय असे आहे. रानात का मिळत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच पिशवीत असते. कंद बाहेर काढून पाहिले, तर सगळा गठ्ठाच्या गठ्ठा मुळासकट उपटलेला असतो. त्या जागी पुढच्या वर्षी काय उगवणार?

म्हणून या वेळी आपल्या पानावर या एका कंदाविषयी थोडे सविस्तर लिहितो. कंद कसा वाढतो हे एकदा नीट कळले, की तो काढावा कसा आणि लावावा कसा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

अमरकंद हे ऑर्किड आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मराठीत या कुळाला आमरी म्हणतात. आंब्याच्या नाहीतर मोहाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आपण पाहिलेली आहे. ती झाडावर राहणारी आमरी. पण या कुळातल्या पुष्कळ जाती जमिनीतच राहतात. आठ महिने त्यांचा पत्ता नसतो. पावसाळा आला की वर येतात आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा मातीत गुडूप होतात. अमरकंद त्यातलाच. शास्त्रज्ञ त्याला युलोफिया म्हणतात. युलोफिया ऑक्रिआटा ही जात पुस्तकातला अमरकंद, पण लोक तिच्या एक-दोन बहिणींनाही याच नावाने ओळखतात. बाजारात तर सगळ्या एकाच टोपलीत पडतात.

येथे एका धर्मगुरूचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी कपाडिया यांच्याबरोबर मुंबई राज्यातल्या आमरींवर मोठे पुस्तक लिहिले. ते १९६६ साली निघाले. फादर सांतापाव हे भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी खात्याचे संचालकही होते. ज्या सफेद मुसळीची आज शेती होते, तिला बोरिवलीवरून शास्त्रीय नाव देणाऱ्या दोघांपैकी एक तेच. रानातल्या गवतात गुडघ्यावर बसून एकेक फूल पाहणारा हा माणूस आपल्यापैकी एक होता, याचे मला नेहमी समाधान वाटते.

आता ओळख. अमरकंदाची पाने लांबट, टोकदार, उभ्या घड्या पडलेली असतात. शिंदीचे नुकते उगवलेले रोप डोळ्यांसमोर आणा. फुलाचा दांडा कंदाच्या बाजूने निघतो आणि सरळ उभा राहतो. त्यावर पिवळट, हिरवट किंवा तांबूस फुले लागतात. प्रत्येक फुलाची एक पाकळी वेगळी, खाली जिभेसारखी. ही जीभ दिसली की आमरी समजावी.

घडीची पाने रानहळदीलाही असतात आणि काळ्या मुसळीलाही. रानहळदीचे पान चुरगळले तर वास येतो. अमरकंदाला तसा वास नाही. काळ्या मुसळीचे फूल पिवळे, चांदणीसारखे आणि जमिनीला टेकलेले; तिचे मूळ काळपट आणि उभे सरळ खाली गेलेले. हे ओळखायला चुकलो तर फारसे बिघडत नाही. पण एक चूक जिवावर बेतते, ती म्हणजे कळलावीची.

कळलावी त्याच रानात, त्याच पावसात उगवते. पानाच्या टोकाने कुंपणाला वळसे घालत चढते. फूल जाळासारखे लाल-पिवळे, फार सुंदर. पण पाने वाळून गेली आणि हाती नुसता कंद राहिला, की घोटाळा होतो. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन नावाचे विष असते. पोटात गेले तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात आणि माणूस दगावतो. ओळखायची खूण आपल्या पूर्वजांनी नावातच ठेवली आहे. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. तिचा कंद नांगरासारखा, कोनात वाकलेला, दोन फाट्यांचा असतो. अमरकंदाचा गड्डा तसा नसतो. तो जाडसर, गोलट, अंगावर कड्यांच्या खुणा असलेला आणि दुसऱ्या गड्ड्याला चिकटलेला असतो. नांगर दिसला की हात मागे घ्या, आणि संशय आला तरी मागेच घ्या. कोणी चुकून खाल्लेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. उरलेला कंद बरोबर घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठा. कंद पाहिला की डॉक्टरांना विष कळते.

अमरकंद जमिनीत कसा असतो, हे या लेखाचे खरे मर्म आहे. एक गठ्ठा हलक्या हाताने मोकळा करून पाहा. जपमाळेच्या मण्यांसारखे गड्डे एकाला एक लागून एका ओळीत असतात. दर पावसाळ्यात एक नवा गड्डा तयार होतो, तो ओळीच्या पुढच्या टोकाला. त्यालाच कोंब येतो, पाने येतात, फूल येते. मागचे गड्डे म्हणजे गेल्या वर्षीचा, त्याच्या आदल्या वर्षीचा, असे उतरत्या वयाचे. त्यांना पाने नसतात, पण ते मेलेलेही नसतात. ते घरातल्या कणगीसारखे. पुढच्याला कोंब फुटताना लागणारे अन्न त्यांच्यातून जाते. आणि त्यांच्या कडेला बारीक झोपलेले डोळे असतात. पुढचा गड्डा शाबूत असेपर्यंत हे डोळे झोपून राहतात. मागचा गड्डा ओळीपासून तोडून वेगळा लावला, की त्यातला एखादा डोळा जागा होतो आणि नवे झाड सुरू होते.

आता आपण काय करतो ते पाहा. फूल दिसले की जागा सापडते, म्हणून फुलाच्या वेळीच खणतो. पुढचा गड्डा सर्वांत रसरशीत, म्हणून तोच आधी घेतो. मागचे सुरकुतलेले दिसतात म्हणून फेकून देतो, नाहीतर तेही पिशवीत टाकतो. म्हणजे बियाणे खाल्ले आणि कणगीही फोडली. फूल असतानाच खणल्यामुळे बीही धरले नाही. बियाण्याची ज्वारी दळून खाणाऱ्या घराला आपण काय म्हणतो, ते मी येथे लिहीत नाही.

रीत उलटी हवी. फुलाच्या वेळी फक्त काठी रोवून खूण करा. पाने पिवळी पडून वाळली, की दिवाळीनंतर त्या खुणेशी या. कुदळीने घाव घालू नका. बाजूने माती ओढा आणि ओळीचे पुढचे टोक कोणते ते पाहा. पुढचा आणि त्याच्या लगतचे दोन गड्डे जसेच्या तसे राहू द्या. त्याच्या मागे असतील तेच सोडवून घ्या आणि माती परत लोटा. ओळच तीन गड्ड्यांची असेल, तर त्या वर्षी काही घेऊ नका. असे केले तर तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा देतो.

बी पेरून का लावू नये, असे तरुण मंडळी विचारतात. अमरकंदाचे बोंड वाळून फुटले, की आतून धूर निघावा तशी पूड उडते. एका बोंडात हजारो बिया. पण ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी जसे पीठ भरलेले असते, तसे या बीत काहीच नसते. शिदोरी न घेता निघालेला प्रवासी जणू. मातीतली एक विशिष्ट बुरशी त्या बीत शिरून तिला अन्न पुरवते, तेव्हाच ते रुजते. बुरशी भेटली नाही तर बी फुकट गेले. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाने १८९९ साली जंगलात रुजलेल्या बारीक रोपांवरून ओळखली. पुढे १९२२ साली अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी बाटलीत साखर आणि क्षार घालून बुरशीशिवाय आमरीचे बी रुजवून दाखवले. आज प्रयोगशाळांत तसेच करतात. पण तेथे सगळे निर्जंतुक लागते. आपल्या पडवीत ते जमायचे नाही.

तरी बी अगदी वाया घालवू नका. बोंड पिवळसर पडू लागले की फुटण्याआधी काढा, कागदात सावलीत ठेवा आणि पहिल्या पावसात जुन्या झाडाच्या बुडाशीच भुरभुरा. तेथे ती बुरशी आधीपासून असते. जुने माळी आमरीचे बी असेच लावीत. उगवलेच तर फूल यायला काही वर्षे लागतील.

म्हणून लागवड गड्ड्यापासूनच करायची. पहिल्या वर्षी मी स्वतः चूक केली ती आधी सांगतो. चांगली माती, जवळ पाणी, असा विचार करून मी गड्डे विहिरीजवळच्या काळ्या मातीत लावले. कोंब जोरात आले. पोळ्यापर्यंत पाने पिवळी. उपसून पाहिले तर गड्डा पिठल्यासारखा मऊ. आपल्या भागात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि काळी माती तो धरून ठेवते. कपाशीला ते मानवते, अमरकंदाला नाही. त्याला पाऊस हवा, पण पायाशी पाणी नको.

जागा निवडावी ती उताराची, मुरमाड, साग किंवा दुसऱ्या झाडाच्या विरळ सावलीतली. सकाळचे ऊन लागावे, दुपारचे तुटक यावे. धुऱ्याचा उंच भाग उत्तम. जमीन काळीच असेल तर वीत-दीड वीत उंचीचा वाफा करा. त्यात एक घमेले मुरूम, एक घमेले माती आणि एक घमेले सागाखालचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा असे मिसळा. ज्या ठिकाणचा गड्डा आहे तेथली ओंजळभर माती आठवणीने आणून या वाफ्यात घाला. बुरशी त्या ओंजळीतून येते. दही विरजायला विरजण लागते, तसेच हे.

दिवाळीनंतर काढलेले गड्डे कोरड्या वाळूत, सावलीत, उंदराच्या तोंडापासून दूर ठेवावेत. ओल लागू देऊ नये. ओळ तोडताना सुरी जाळावर धरून घ्या, कापावर चुलीतली राख लावा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या. मग मे महिन्याच्या शेवटी, रोहिणी लागली की लावा. डोळा बाजूला किंवा वर, गड्ड्यावर दोन-तीन बोटे माती, दोन गड्ड्यांत एक वीत अंतर. वर पाल्याचा पातळ थर. पाणी घालायची घाई नको. मृगाचा पाऊस ते काम करील. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तरच एक-दोन तांबे पाणी द्या.

खताविषयी आपल्या लोकांना सांगावेच लागते, कारण झाड बारीक दिसले की हात युरियाच्या पोत्याकडे जातो. येथे तो जाऊ देऊ नका. जुने, पूर्ण कुजलेले शेणखत मूठभर, तेही वर पसरून, एवढे पुरे. बुरशीनाशक औषधाचे पाणी तर मुळीच ओतू नका. ज्या बुरशीवर हे झाड उभे आहे तिलाच ते मारील. शेजारच्या कपाशीवर तणनाशक फवारताना वाफ्यावर पोते टाका.

पहिल्या वर्षी एक-दोन पाने येतील, फूल बहुधा येणार नाही. निराश होऊ नका. पान हिरवे राहिले म्हणजे खाली नवा गड्डा भरतो आहे. पाने पिवळी पडू लागली की पाणी बंद. हिवाळा आणि उन्हाळा त्याला कोरडे झोपू द्या. या काळात वाफा रिकामा दिसतो आणि घरातले कोणी तेथे मेथी पेरते, म्हणून चार कोपऱ्यांना दगड लावा. रानडुकरांना आणि सायाळीला कंद ठाऊक असतात. त्यांच्यासाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घाला, आणि कुंपणावर भरवसा नसेल तर दोन-चार गड्डे अंगणात जुन्या, बुडाला भोक पाडलेल्या डब्यातही लावून ठेवा. फूल यायला लागल्यावर शाळेतल्या मुलांना एक गंमत दाखवा. फुलाच्या मध्यभागी टोपीखाली परागांचे पिवळे गोळे असतात. बारीक काडीने ते उचलून दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या ओल्या खळगीला लावले, की बोंड धरते. युलोफियाची पुष्कळ फुले मधमाशीला मध न देताच फसवतात. माशी एकदा फसते, पुन्हा सहसा येत नाही, म्हणून आपणहून बोंडे थोडीच धरतात.

आता औषधाकडे वळू. अमरकंद दुधात उकळून शक्तीसाठी घेतात. बाजारात तो सालम मिश्रीच्या नावानेही विकला जातो. मूळची सालम मिश्री म्हणजे इराण-अफगाणिस्तानाकडून येणारे आणि हिमालयातले दुसऱ्या आमरींचे कंद. आपला अमरकंद त्यांचा स्वस्त बदली. त्या मूळ आमरींचे कंद जोडीने असतात. त्यांच्या आकारावरून ते पुरुषशक्ती वाढवतात अशी समजूत फार जुनी, युरोपातही होती. आकारावरून गुण ठरवायचा झाला तर अक्रोड खाऊन आपण सगळे पंडित झालो असतो. कंदात पीठ आणि चिकट लुबाब असतो, तो पोटाला सौम्य आणि थोडा पोषक आहे. प्रयोगशाळांत त्याच्या अर्कावर काम झाले आहे, पण माणसाचा अमुक रोग त्याने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही.

हे मी का सांगतो? अशक्तपणा हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. महिनाभर खोकला आणि वजन उतरलेला माणूस अमरकंदाचे दूध पीत घरी बसला, तर क्षय घरभर पसरतो. बाळंतीण पांढरीफटक पडली असेल तर तिला रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या हव्यात. आणि आपल्या गोंड, कोलाम आणि इतर वस्त्यांत मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणून रडत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. रक्तातल्या दोषावर कंद चालत नाही. तपासणी झाली, औषध सुरू झाले, मग आजीच्या हातचे अमरकंदाचे दूध प्यायचे तर डॉक्टरांना सांगून प्या. गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला मात्र देऊ नका.

विक्रीचे थोडक्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळे ही गौण वनउपजात धरली आहेत आणि ती गोळा करण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना दिला आहे. पण कवाल हे २०१२ पासून व्याघ्र प्रकल्पाचे रान आहे. तेथल्या आतल्या भागात कुदळ घेऊन जाऊ नका. आमरींच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन आहे, तेव्हा "बाहेर पाठवतो, जास्त भाव देतो" असे सांगणाऱ्यापासून सावध राहा. स्वतःच्या वाफ्यातले कंद विकायचे झाले तरी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा आणि लागवडीची नोंद वहीत ठेवा. रोपे देतो, माल हमी भावाने परत घेतो, असे सांगत सफेद मुसळीच्या वेळी गावोगाव माणसे फिरली होती. किती जणांचे पैसे त्यात अडकले ते जुन्या लोकांना विचारा. अमरकंद तर मुसळीपेक्षाही सावकाश वाढतो. एकरी लाखाचे गणित कोणी कागदावर मांडून दाखवले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. हे पीक कपाशी-सोयाबीनची जागा घेणारे नाही. धुऱ्यावर दोन वाफे असावेत, घरापुरते निघावे, आणि रानावरचा भार तेवढा कमी व्हावा, इतकेच त्याच्याकडून मागावे.

ज्यांना लावायचे आहे त्यांनी या पावसाळ्यात रानातल्या किंवा धुऱ्यावरच्या एखाद्या गठ्ठ्याला नुसती काठी रोवून ठेवावी. दिवाळीनंतर, पाने वाळली की, मला निरोप द्या. पहिली ओळ सोडवताना पुढचे टोक कोणते ते ओळखायला मी बरोबर येईन. सुरी, राख आणि एक जुने पोते एवढे घेऊन या.